घोडच्या गाळात चपटं शिसं

तर बायांनो, सगळ्यात आधी दारात आल्या त्या लेकीच्या सासूबाई, दौंडच्या, नवी कोरी साडी नेसून! मागनं व्याही, खांद्यावर गळाची काठी. म्हणाले, "आज मासा माझा." मी लगेच मसाला वाटला. मासा न्हाई मिळाला तर पिठलं, आन् जन्मभराचं हसं!

नदीवर गेलो, तर व्याह्यांनी गळाच्या दोरीला गोल, जड शिसं बांधलं. त्यांच्या भीमेला धार जोराची, तिथं तेच लागतं. पर आमच्या घोड नदीच्या डोहात नुसता गाळ. दरवेळी शिसं रुतायचं, त्याच्यासंगं आमिषाची कणीकबी गडप!

"इथं मासंच न्हाईत," व्याही वैतागले. "चला दौंडला!"

मी म्हणाले, "पाव्हणं, चिखलात लाडू रुततो, भाकरी वर ऱ्हाती. आणा ते इकडं." दगडानं ठेचून शिसं चपटं केलं, त्यांनी परत बांधलं.

जरा वेळानं काठी अशी वाकली म्हणता! हातभर रोहू! तो धरायला विहीणबाई नव्या साडीनिशी पाण्यात!

तुमच्याकडं गाळात काय बांधतात गं? चपटं शिसं व्याही माझ्याकडंच ठेवून गेलेत. बुधवारी परत येतो म्हणालेत.