रविवारचा कोरा चौकोन

"याचा भाव पडते, पाहा," म्हणत ते सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडायचे. बाजार समितीतले मापाडी, मूळचे देऊळघाटचे. उभा जन्म काट्यापाशी गेलेला. भाव पडला की लोक त्यांच्यावरच चिडायचे. "मी पाडतो काय बे? मी नुसता पाह्यतो."

चांगल्या बातमीने ज्याला करमत नाही असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

देऊळगाव राजाच्या वाचनालयात मी पुस्तकं देतो. म्हातारपणी काट्यावरचं काम सुटल्यावर ते रोज तिथे बसू लागले. मोबाइलवरचा बिटकॉइनचा भाव आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने उतरवायचे, रोजचा एक चौकोन. एकदा कागद माझ्यापुढे सरकवला. सारख्या उंचीची दोन शिखरं, मध्ये खाच.

"दुसऱ्यांदा बी तिथंच दमलं. आता या खाचेच्या खाली गेलं का पडलंच समजा."

"पडून तुम्हाला काय मिळणार?"

"आपल्यापाशी नसलेलंच आधी इकाचं, पडल्यावर सस्त्यात घ्याचं. पडत्या भावानं लोकायले रडतानाच पाह्यलं भाऊ. इथं पडलं तर मले भेटते."

त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी तारीख दिली होती आणि साठवलेलं पुरत नव्हतं. ते सगळं त्यांनी या पडण्यावर लावलं, वर ॲपची उधारी. भाव फार चढला तर सौदा आपोआप मोडणार होता आणि लावलेलं बुडणार होतं.

शनिवारी भाव खाचेखाली गेला. त्यांनी सौदा टाकला, फोन बंद केला आणि खिशात ठेवला. रविवारी काट्यावर पोतं टाकायचं, भाव तोंडातून काढायचा नाही, ही त्यांची यार्डातली शिस्त.

सोमवारी माझ्यासमोरच फोन चालू केला. रविवारी दुपारी भाव उसळला होता, सौदा मोडला होता, काही उरलं नव्हतं. संध्याकाळी तोच भाव खाली आला होता, ते म्हणाले होते त्याहूनही खाली.

"आयतवारी माल कोण घेते हो, भाऊ?"

ते खरंच विचारत होते. हा बाजार कधी बंदच होत नाही, असं मी सांगितलं.

"म्हंजे तुमाले माहीत होतं."

तारीख निघून गेली. काकू दिवाळीआधी गेल्या. त्यानंतर कोणी हातावर दाणा ठेवला, तर ते न फोडताच परत करायचे. पुढच्या पोळ्यापर्यंत तेही राहिले नाहीत.

तो कागद माझ्या खणात आहे. दोन शिखरं, आणि दर सातवा, रविवारचा चौकोन कोरा. तिथे पेन्सिल उचललेली आहे. दीड महिना मी तो कोरा चौकोन रोज पाहत होतो. वाटायचं, म्हाताऱ्याची सवय असेल.