अण्णांचे पट्टेवाले

"डोळ्याला काय कळतंय? मोजा!"

हे म्हणताना अण्णा चष्मा कपाळावर चढवायचे, डावा डोळा मिटायचे आणि हातात काही नसलं तरी काचेची नळी धरल्यासारखा उजवा हात नजरेच्या रेषेत आणायचे. दूधवाला म्हणाला, "आज दूध घट्ट हाय," की हा हात वर. शेजारीण म्हणाली, "पोराचं अंग गरम लागतंय," की हात वर. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी "आजची ही प्रचंड गर्दी पाहून" असं म्हणत भाषण सुरू केलं, तेव्हा तिसऱ्या रांगेत अण्णांचा हात वर गेलेला मी स्टेजवरून पाहिला. मला हसू आवरेना. आभारप्रदर्शन दुसऱ्या बाईंना करावं लागलं.

तुम्ही कधी साखर कारखान्याच्या कॉलनीत राहिला असाल, तर असं एखादं माणूस तुम्हालाही भेटलं असेल. आमचा कारखाना नगर जिल्ह्यातल्या पाटपाण्याच्या पट्ट्यात. अण्णा तिथल्या लॅबमध्ये होते. उसाच्या रसात साखर किती, हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. मी कॉलनीतल्या शाळेत शिकवायची आणि आमची क्वार्टर त्यांच्या बरोबर समोर होती. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. अण्णा बोलायचे कमी, मोजायचे जास्त. माईंचं उलट होतं.

त्यांची एकुलती एक लेक मुंबईत नोकरीला होती. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर कॅनडाला निघाली. जाण्याआधी एका रविवारी ती आपल्या घरातली माशांची टाकी टेम्पोत घालून कॉलनीत घेऊन आली. टाकीत दोन क्लाऊनफिश होते. नारिंगी अंग, त्यावर चुन्याने ओढल्यासारखे पांढरे पट्टे.

"दोन महिने सांभाळा अण्णा. मग माझी मैत्रीण येऊन नेईल."

मैत्रीण काही आली नाही. लेक तिकडेच रमली. टाकी अण्णांच्या पुढच्या खोलीत राहिली.

क्लाऊनफिश हे नाव कॉलनीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना 'पट्टेवाले' म्हणू लागले. कारखान्याच्या ऑफिसातल्या खऱ्या पट्टेवाल्याला ते मुळीच आवडलं नाही. तो अण्णांना म्हणाला, "पट्टेवाला मी हाय. पण वेळच्या वेळी खाऊ घालून वर तब्येत इचारनारं मला अजून कुनी भेटलं न्हाई!"

हे मासे समुद्रातले. त्यांना खारं पाणी लागतं, आणि तेही ठरावीक खारं. अण्णा एका पिंपात गाळलेलं पाणी घेत, त्यात माशांसाठी मिळणारं खास मीठ ढवळत आणि मग लॅबमधल्यासारखी, खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडून वाकून बघत. मीठ चिमूटभर जास्त झालं तर पुन्हा पाणी, पाणी जास्त झालं तर पुन्हा मीठ.

"बाई, तुम्हीच सांगा," माई मला म्हणायच्या, "आयुष्यभर मी लोणच्यात मीठ अंदाजानं घातलं. एकदा तरी बुरशी आली? आणि ह्या दोन बोटांएवढ्या जिवांसाठी ह्यांचं हे चाललंय."

गळिताच्या हंगामात कारखान्याच्या चिमणीतून काजळी उडायची. दोरीवरचे कपडे काळे व्हायचे, भाकरीवर ठिपके पडायचे. त्या दिवसांत अण्णा टाकीवर माईंचं मलमलचं जुनं लुगडं पसरायचे. माईंनी त्यावरूनही पुष्कळ ऐकवलं. पण ते लुगडं दर चार दिवसांनी धुऊन वाळत घालताना मी त्यांनाच पाहिलंय.

मग एका सकाळी अण्णा समोरून हातानं खुणा करत आले. "बाई, या. चप्पल काढा. आवाज करू नका."

टाकीत एक फुटकं खापर उपडं ठेवलेलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी नारिंगी अंडी दाटीवाटीनं चिकटली होती. नर मासा त्यांच्यावर पंख हलवत वारा घालत होता. मादी लांबून नुसती देखरेख करत होती.

"बघा, बाप कसा राबतोय," अण्णा कुजबुजले.

"बघा, शिका," आतून माई म्हणाल्या.

आठवड्यानं त्या दाण्यांना चंदेरी डोळे दिसू लागले. अंधार पडल्यावरच ही अंडी फुटतात, म्हणून अण्णांनी संध्याकाळी सातलाच खिडक्यांना गोधड्या लावल्या. तासाभरानं टाकीच्या एका कोपऱ्यात बॅटरीचा उजेड पाडला, आणि पापणीच्या केसाएवढी पिल्लं त्या उजेडाकडे झेपावली. अण्णांनी ती वाटीवाटीनं दुसऱ्या लहान टाकीत नेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही उरलं नाही. त्यांच्या तोंडात मावेल असा घासच घरात नव्हता.

अण्णांनी त्याचा शोध लावला. रोटीफर म्हणून एक जीव असतो. पाण्यात धूळ हलावी एवढाच दिसतो. पिल्लांना तो जिवंत लागतो, आणि त्याला जगायला हिरवं शेवाळी पाणी लागतं. अण्णांच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली. काही हिरव्यागार, काही पिवळट. येणारेजाणारे विचारायचे, "अण्णा, सरबताचा धंदा काढला काय?"

दुसऱ्या खेपेला पिल्लं पाच दिवस जगली. तिसऱ्या खेपेला नऊ. नवव्या दिवशी त्यांच्या अंगावर पट्ट्यांची पुसट चाहूल लागली होती. नारिंगी रंग भरू लागला होता. पट्टे उमटण्याचा काळ पिल्लांना फार जड जातो. त्याच दिवशी सगळी तळाला गेली.

मी शाळेतून परतले, तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. चष्मा हातात होता.

"किती गेली, अण्णा?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलायचं तर आकड्यांतच, असं मला वाटलं होतं.

"मोजली न्हाईत," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून 'न्हाई' फक्त मन हललं की यायचं. एरवी लॅबमधली भाषा असायची.

त्यानंतर अण्णांनी पिल्लं वाढवणं बंद केलं. मोठ्या टाकीतल्या जोडीला खायला घालत, पाणी बदलत, पण अंडी आली तरी तिकडे बघत नसत. त्याच वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. आज पेटेल, पुढच्या महिन्यात पेटेल, असं करत हंगाम निघून गेला. ज्या भोंग्यावर आम्ही स्वयंपाक लावायचो, तो वाजेना. एकेक क्वार्टर रिकामी होऊ लागली. माझ्या वर्गात अकरा मुलं उरली, मग सात. अण्णा सकाळी ठरल्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅबपर्यंत चालत जायचे आणि कुलूप बघून परत यायचे.

फाल्गुनात मी एकदा माईंकडे विरजण मागायला गेले. अण्णा घरात नव्हते. माई खिडकीपाशी उभ्या राहून हिरव्या बाटल्या एकेक करून हलवत होत्या.

"हे काय, माई? हे तर बंद झालं होतं ना?"

"ह्यांनी बंद केलं," माई म्हणाल्या, "मी कुठं केलं? रोज हलवते. जुनं ओतते, नवं भरते. जिवंत आहेत सगळे." मग थांबून म्हणाल्या, "त्या कुलपाकडे जाऊन येतात ना, तेव्हा त्यांचं तोंड बघवत नाही मला. म्हटलं, कधी विचारलंच त्यांनी, तर घरात तयार असावं."

अण्णांनी चैत्रात विचारलं. माईंनी बाटल्या पुढे केल्या. अण्णा बराच वेळ त्या उन्हात धरून बघत राहिले.

वैशाखात अंडी फुटली. पिल्लं आठ दिवसांची झाली. आणि आठव्या दिवशी दुपारी वळवाचं वादळ आलं. पत्रे उडाले, बाभळी आडव्या झाल्या, कॉलनीला वीज देणारे दोन खांब पडले. पूर्वी कारखाना चालू असताना स्वतःची वीज असायची. आता विचारायलाही ऑफिसात कुणी नव्हतं. वायरमन म्हणाला, दोन दिवस तरी लागतील.

पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडला. पाण्यात उरलेल्या हवेवर ती पिल्लं किती तग धरणार? अण्णा वाटीनं पाणी उचलून वरून हळूहळू सोडू लागले. उचल आणि सोड. तासाभरानं मी वाटी घेतली. माझ्यानंतर माई बसल्या. माईंनंतर तो ऑफिसातला पट्टेवाला. तो म्हणाला, "सरका. नावाचा मान ठेवायला पायजे."

संध्याकाळी रज्जाकभाई आले. ते कारखान्यातले फिटर, अण्णांचे जुने मित्र. टाकीकडे बघून म्हणाले, "अण्णा, असं वाटीनं किती येळ चालायचं? म्या टूब आनतो." ते उसाच्या ट्रॉलीच्या चाकाची जुनी ट्यूब घेऊन आले. पायपंपानं ती टम्म फुगवली. तिच्या तोंडाला सलाईनची बारीक नळी जोडली. त्या नळीला थेंब कमीजास्त करायचं चाक असतं, ते फिरवून त्यांनी हवा इतकी बारीक केली की पाण्यात एकेक बुडबुडा मोजून सुटू लागला.

"लई जोरात नको," अण्णा म्हणाले. "पिल्लं फेकली जातील."

"व्हय व्हय. बॉयलर सांभाळलाय म्या, ही तर टूब हाय."

दोन दिवस ती ट्यूब आम्ही आळीपाळीनं फुगवली. कॉलनीत उरलेल्या सहा घरांतलं कुणी ना कुणी कायम त्या खोलीत असायचं. उकाडा भयंकर होता. पाणी तापू नये म्हणून टाकीभोवती ओली फडकी गुंडाळलेली. कुणी चहा आणत होतं, कुणी पायपंप मारत होतं. कारखाना बंद पडल्यापासून आम्ही इतकी माणसं एका खोलीत, एका कामाला पहिल्यांदाच जमलो होतो. कारखान्याविषयी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माई टाकीपाशी वाकल्या आणि त्यांनी अण्णांना नुसती हाक मारली. डोळ्यांच्या मागं, गळ्यापाशी, प्रत्येक पिल्लाच्या अंगावर बारीक पांढरा पट्टा उमटला होता. रज्जाकभाई पायपंपावर हात ठेवून तसेच उभे राहिले. "लेकानो," ते हळूच म्हणाले, "झाले की रं कामावर हजर."

सव्वीस पिल्लं जगली.

पुढच्या वर्षी कॉलनी रिकामी करायची नोटीस आली. मला श्रीरामपूरला नोकरी लागली. अण्णा आणि माई पारनेरकडच्या आपल्या गावी निघाले. तिथं उन्हाळ्यात टँकर येतो. अण्णा म्हणाले, "माणसं हंडे घेऊन रांगेत असताना मी माशांना पाणी कुठल्या तोंडानं मागू?"

पुण्याचा एक जाणकार गृहस्थ मासे न्यायला आला. अण्णांनी त्याची तासभर अशी चौकशी केली, की मुलीच्या स्थळाचीही कुणी केली नसेल. घरी वीज जाते का, पाणी कोण बदलतं, प्रवासाला गेलात तर खायला कोण घालतं. शेवटी जोडी आणि सव्वीस पिल्लं पिशव्यांतून गाडीत गेली. गाडी फाटकाबाहेर वळली. अण्णा घरात आले आणि रिकामी टाकी घासत बसले. ती आधीच स्वच्छ होती. माईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नका.

अण्णा गेल्याचं मला उशिरा कळलं. मी त्यांच्या गावी गेले, तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. माई ओट्यावर तूर पाखडत होत्या. फारसं रडणं झालं नाही. त्यांनी मला पाणी दिलं, शाळेचं विचारलं, मग म्हणाल्या, "दिवाळीत लेक आली होती. तिनं कोकणात नेलं आम्हाला. पासष्ट वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला, बाई."

"काय म्हणाले?"

"काही नाही. पँट दुमडली आणि आत गेले. मी म्हणतेय, लाट येईल, मागं या. तर वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चूळ भरली. मला तर लाजच वाटली, भोवती एवढी माणसं." माई सूप बाजूला ठेवून हसल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, 'आपलं मीठ बरोबर होतं.'"

लेकीनं काढलेला फोटो माईंनी मोबाईलवर दाखवला. अण्णा पाठमोरे आहेत. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलंय. एक पाय पुढं टाकलेला आहे.