सावडीतला कॉम्प्युटर

दोन हजारचं दशक अर्धं उलटलं होतं. मी हिंगोलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फाईल कशी सेव्ह करायची, अक्षर मोठं-लहान कसं करायचं, एवढंच. क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्त्यांपलीकडे काही चालत नसे. खरे खेळ, गाड्यांच्या शर्यतीचे आणि बंदुकांचे, बस स्टँडमागच्या नेट कॅफेत होते. तिथं मी आणि माझा मित्र शेजारी शेजारी बसायचो. बारावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. पुढं मी कॉलेजात गेलो आणि तो पुसेगावकडच्या आपल्या गावात शेती बघायला लागला. खताच्या निमित्तानं, बाजाराच्या निमित्तानं हिंगोलीला आला की आधी कॅफेत डोकवायचा.

भारनियमनाचे दिवस होते. शर्यत संपत आली की नेमकी वीज जायची. कॅफेवाला हात वर करायचा आणि आम्ही काळ्या पडद्याकडं बघत बसायचो. मला तेव्हा एका जागी बसवत नसे. बाहेर जायचो, परत यायचो, टपरीवर अर्धा चहा टाकून पुन्हा आत. स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे, चांगलं ग्राफिक कार्ड असलेला, हा एकच घोशा लावला होता मी. पण एकट्याच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती.

तोड मित्रानं काढली.

"आपून सावड करू."

आमच्याकडे औताला दोन बैल लागतात आणि कित्येकांच्या दावणीला एकच असतो. असा एकबैल्या दुसऱ्या एकबैल्याला गाठतो. दोघांचे बैल एका औताला जुंपायचे, काही दिवस याच्या रानात, काही दिवस त्याच्या. हीच सावड. बैल ज्याचा त्याचाच राहतो, काम मात्र जोडीनं होतं.

"कॉम्प्युटरची सावड?" मी हसलो.

"बैलाची व्हती, मंग याची काहून न्हाई? ह्यो तर चारा बी खात न्हाई."

"लाईट खातो की."

"ती तं कुनालाच भेटत न्हाई. तिचं काय सांगतो."

हसता हसता ठरलं. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम त्याची. ग्राफिक कार्ड, हार्डडिस्क आणि मॉनिटर माझे. राहिला कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्याच्यात बसवायचं तो पत्र्याचा डबा. तो दोघांचा. पौर्णिमेपर्यंत कॉम्प्युटर त्याच्याकडे, मग अमावास्येपर्यंत माझ्याकडे. कॅलेंडर बघायला नको, असं त्याचं म्हणणं. वर पाहिलं की पाळी कुणाची ते कळेल.

भांडण लागलं ते कॅबिनेटवरून. मला मोठा हवा होता. बाजूला आरपार दिसणारी खिडकी, पुढं निळा उजेड पाडणारा पंखा, आत हवा खेळायला भरपूर जागा. कार्ड तापतं, बारक्या डब्यात ते भाजून निघेल, हे मी त्याला चित्र काढून समजावलं. त्याला बारका पाहिजे होता. दर पंधरवड्याला मोटरसायकलवर बांधून सेनगावच्या रस्त्यानं न्यायचा-आणायचा तर तो हलका हवा, खिडकी-बिडकी तर नकोच.

"एका खड्ड्यात तुजी काच फुटंल."

"मांडीवर धरून बसू."

"गाडी कोन चालवल मंग? त्यो कॉम्प्युटर?"

हा वाद आम्ही पोळ्याच्या आधीपासून घालत होतो. मला तो आवडायचा. पण नांदेडला सामान आणायला जायच्या आठवडाभर आधी पुण्याहून फोन आला. उन्हाळ्यात मी एका कंपनीत मुलाखत देऊन आलो होतो आणि ती विसरूनही गेलो होतो. त्यांनी मला घेतलं होतं. दिवाळी झाली की रुजू व्हायचं.

मी मित्राला सांगितलं नाही. आईला बजावलं, कुणाजवळ बोलू नको. का, ते मला तेव्हाही नीट कळत नव्हतं. आज एवढं कळतं की मला दोन्ही पाहिजे होतं. पुणंही आणि तो कॉम्प्युटरही. सांगितलं असतं तर सावड तिथंच थांबली असती आणि माझं कार्ड दुकानातच राहिलं असतं. तो आठवडा मी क्लासमध्ये फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. मुलं एकमेकांकडे बघायची. घरी जेवताना पाय हलत राहायचा. आई म्हणायची, पाय हलवू नको.

नांदेडला आम्ही बसनं गेलो. कळमनुरीला बस थांबली तेव्हा सांगू असं ठरवलं होतं. तो खाली उतरून भजी घेऊन आला आणि मी भजी खाल्ली.

दुकान जिन्याखाली होतं, अरुंद आणि खोल. दुकानदार हिंदीत बोलायचा, मराठी सगळी समजायची. माझं सामान आधी काढलं. कार्डाचा खोका हातात घेतल्यावर क्षणभर मी सगळं विसरलो. उलटंपालटं करून बघत होतो. मग त्याचा मदरबोर्ड आला. मी तपासलं, कार्डाची खाच त्यात आहे, पुढं रॅम वाढवायला जागा आहे. त्यानं माझ्यावर सोडलं होतं. "तुला पसंत ना? मंग बांधा," एवढंच म्हणायचा. स्वतःचा बोर्ड त्यानं माझ्या कार्डाला जुळतो म्हणून घेतला. माझं कार्ड नसतं तर त्याहून साधा त्याला पुरला असता.

कॅबिनेट मात्र तो स्वतः बघायला लागला. एकेक उचलून पाहायचा.

"वजन किती हाय याचं?"

दुकानदार हसला. "भाई, लोग रॅम पूछते, ग्राफिक पूछते. वजन पहली बार कोई पूछ रहा है."

"आमाला हर पंधरा दिवसाला उचलायचा हाय. बराबर सांगा."

मग त्यानं खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, काढली. तिला दोन ठिकाणी गाठी मारलेल्या होत्या. एका बारक्या काळ्या कॅबिनेटला ती रुंदीकडून लावून पाहिली.

"हे काय?" मी विचारलं.

"ही गाठ गाडीच्या कॅरेजची. आन् ही तुज्या जिन्याची. तुज्या जिन्याचा वळसा लई बारीक हाय गड्या, मोठा डबा वर जानारच न्हाई. परवा मोजून आलो."

"परवा? कधी?"

"तू क्लासला व्हतास. काकूनं चहा केला. काकू काई बोलत न्हवती, बरं न्हाई का तिला?"

माझ्या आईला मी काय करायला लावलं होतं ते तेव्हा डोळ्यांपुढं आलं. ती त्याला चहा देऊन गप्प बसली असणार आणि तो जिना मोजत असणार.

"मला पुण्याला नोकरी लागली," मी म्हणालो. "दिवाळी झाली की जायचंय."

त्याची दस्ती कॅबिनेटवर तशीच होती. दुकानदारानं आमच्याकडं पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

"कवा कळलं?"

"आठवडा झाला."

"मंग आज काहून आलास?"

कार्डाचा खोका माझ्या काखेत होता. त्यानं तो पाहिला. तेच उत्तर होतं.

आता तो उठून जाईल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तो गेला असता तर मी सुटलो असतो. तो गेला नाही. त्यानं दस्ती घडी करून खांद्यावर टाकली आणि दुकानदाराला हाक मारली.

"भाई, हे बारकं ठिवा. त्यो वरचा मोठा काढा. खिडकीवाला."

"अरे, तो न्यायचा कसा?" मी म्हणालो.

"एक डाव न्याचा माज्या घरी. हर पंधरा दिवसाला कुनाला उचलायचाय आता?"

महिनाभर भांडून मला न मिळालेला कॅबिनेट मला असा मिळाला. परतीच्या बसमध्ये तो आमच्या दोघांच्या पायांपुढं उभा होता, गुडघे हलवायला जागा नव्हती. कळमनुरी गेल्यावर मी म्हणालो, "तुला नको होतं तर घ्यायचं नव्हतं."

"आठ दिस झाले गावात सांगून. सुगी होईस्तोवर सावड मोडत नसते. दिवाळीपर्यंत हाय ना तू? मंग झालं."

त्याच्या घरी, मधल्या खोलीत, मी सगळं जोडलं. त्याचे वडील खाटेवर बसून बघत होते.

"ह्याला खिडकी काहून पाडली?"

"आतलं दिसावं म्हणून, काका."

"आत काय हाय पाह्यासारखं?"

"आमचं दोघांचं सामान," मित्र म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं, पण मी स्क्रू उचलायच्या निमित्तानं खाली वाकलो.

कॉम्प्युटर सुरू झाला. खेळ असा चालला की कॅफेतला तोच खेळ आम्हाला दुसराच वाटायला लागला. रस्त्यावरची खडी दिसायची, गाडीच्या टपावर झाडांची सावली सरकायची. वीज असेल त्या वेळा धरून मी हिंगोलीहून जायचो. पण एक गोष्ट बदलली होती. कॅफेत तो माझ्या हातातून माउस हिसकावून घ्यायचा, आईबापाचा उद्धार करायचा. आता मी गेलो की तो खुर्चीवरून उठायचा. "बस," म्हणायचा. आधी मी खेळायचं, मग तो. चहा कपबशीतून यायचा. मी त्या घरात पाहुणा झालो होतो. खेळताना मी दर शर्यत हरायचो, कारण माझं सगळं लक्ष पाठीकडं असायचं, तो मागं उभा राहून काय बघतोय याकडं.

दिवाळी झाली. निघायच्या आधी मी भेटायला गेलो तर त्यानं कॅबिनेट बाहेर ओढून ठेवला होता. बाजूच्या खिडकीचे सगळे स्क्रू काढून वाटीत टाकले होते.

"तुजं सामान काढून घे."

"राहू दे रे. तू वापर."

"दुसऱ्याचा बैल माज्या दावनीला बांधून ठिऊ? लोक काय म्हनतील?"

"मग देऊन टाकलं समज."

"बैल देऊन टाकतात व्हय कुनी?"

त्याचं बरोबर होतं. आणि माझ्या मनातही ते देऊन टाकणं पुरतं नव्हतंच. पुण्यात खोली मिळाली, पगार सुरू झाला, की कार्ड नेऊ, असं एका कोपऱ्यात होतं. घेऊन जावं तर त्याच्याकडं बंद पडलेला डबा उरतो. देऊन टाकावं तर जीव होत नाही. मी म्हणालो, "होळीला येईन तेव्हा काढू."

त्यानं खिडकीचं झाकण नुसतं टेकवलं. स्क्रू वाटीतच राहू दिले. "येशील तवा काढू," म्हणाला.

होळीला गेलो. "काढायचं?" त्यानं विचारलं. "राहू दे," मी म्हणालो. उन्हाळ्यात गेलो, पुन्हा तेच. झाकण तसंच टेकवलेलं, फटीतून आतली धूळ दिसत होती. कॅबिनेट उघडा ठेवू नये, हे मी क्लासमध्ये पोरांना घसा फोडून सांगितलेलं. एका वाक्याचं काम होतं. स्क्रू लाव, हे सगळं तुझं, असं म्हणायचं, नाहीतर सामान काढून पिशवीत घालायचं. मी दोन्ही केलं नाही. दर वेळी चहा प्यायलो आणि बस चुकेल म्हणून घाईनं उठलो.

पावसाळ्यात त्याचा फोन आला. कॉम्प्युटर चालू असताना फटीतून पाल आत गेली होती. एकदम वास आला आणि सगळं बंद. तो तालुक्याला दाखवून आला होता. बोर्ड जळाला होता, त्याच्याबरोबर प्रोसेसरही.

"तुजं कार्ड शाबूत हाय," तो म्हणाला. "हार्डडिस्क बी. दुसऱ्या मशीनला लावून पाह्यली."

"मी नवा बोर्ड घेऊन देतो."

"माजा बैल मेला, तुला काहून दंड?"

"माझ्यामुळं उघडं राहिलं ते."

"येशील तवा घेऊन जा," तो म्हणाला.

मी गेलो. बोर्ड विकत घेऊन गेलो होतो, त्यानं तो हातात धरला नाही. त्याच्या वडिलांनी पावसाची चौकशी केली, पुण्याकडं किती झाला म्हणून. माझं सामान त्यानं आधीच काढून, पुसून, वर्तमानपत्रात बांधून ठेवलं होतं. मॉनिटर एसटीच्या टपावर चढवायला तो फाट्यापर्यंत आला. दोरी त्यानंच आवळली आणि बस हलायच्या आत शेताकडं वळला.

ते कार्ड मी पुण्यात दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं. छान चालत होतं. एक-दोन शर्यती खेळलो, मग उठून खोलीत फेऱ्या मारायला लागलो. पुढं त्यानंही कॉम्प्युटर घेतला, असं मला गावाकडच्या दुसऱ्याच कुणाकडून कळलं. कॅबिनेट कोणता घेतला, ते मी विचारलं नाही.