चंचीतला मिस्ड कॉल
लवंगेचा वास आला की मला आईची पानाची चंची आठवते, अन् त्या चंचीत ठेवलेला तिचा मोबाईल. कॅन्सरची गोळी रोज घ्यायची होती, पण बरं वाटलं की ती सोडून द्यायची. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, दौंडला नोकरीला. युक्तीही मीच काढली. ऊन कललं की मी गावाकडं, न्हावऱ्याला, तिला मिस्ड कॉल द्यायचो, गोळी घेतली की तिचा उलटा यायचा. एक दिवस माझा कॉल लागेच ना. तशीच मोटरसायकल काढली. उसाच्या तुऱ्यांवर पिवळं ऊन सांडलेलं. गाडी पळतीय की ऊसच मागं वाहतोय, कळेना. आई ओट्यावर बसलेली, एका हातात बंद मोबाईल, दुसऱ्यात घामेजलेली गोळी. “आई, घ्यायची की गं!” “तुझी रिंग कुठं आली? सकाळधरनं लाइट न्हाई, ह्यो मेला निजलाय.” मग मी तिच्यासमोर उभा राहून तोंडानंच रिंग वाजवली. “आली बया एकदाची,” म्हणत ती हसली अन् गोळी गिळली. आता मला बीपीची गोळी आहे. संध्याकाळी लेक पुण्याहून मिस्ड कॉल देते. पाणी ओतलेलं असतं, गोळी तळहातावर असते. पण रिंग येईपर्यंत मीही थांबतो.