शेजाऱ्याकडची चावी

पोराशी बोलणं तुटलं तेव्हा मी एका पेटीनिशी श्रीरामपुरात खोली शोधत होतो. खोल्या रिकाम्या होत्या. मालक चहा पाजायचे, गाव विचारायचे आणि बरोबर कोण राहणार म्हणायचे. एकटाच म्हटलं की खोली त्यांच्या पाहुण्याला ठरलेली निघायची. एका मालकीणबाईने तेवढं खरं सांगितलं, "बाबा, एकट्या म्हाताऱ्याला खोली दिली आन् आत काय झालं, तर पुढं ती खोली कोन घेईल?" तिचा मला राग आला नाही. बाकीच्यांचा आला.

मग स्टेशनपलीकडच्या एका सहकारी संस्थेच्या चाळीत गेलो. ही चाळ अशाच नाकारलेल्या माणसांनी सभासद होऊन उभी केलेली. मालक कोणी नाही. खोली विकता येत नाही, भाडं सगळे मिळून परवडेल तेवढंच ठरवतात आणि नवा माणूस घ्यायचा का तेही बैठकीत ठरवतात. जमीन किती, घराणं कुठलं असं विचारतील म्हणून मी बैठकीला फेटा बांधून गेलो होतो. कोणी विचारलं नाही. अध्यक्ष धुणीभांडी करणारी बाई होती. ती म्हणाली, "बाबा, नियम एकच हाय. दुसरी चावी शेजाऱ्याकडं ठेवायची."

"माझ्या घराची चावी परक्याकडं? मी काय मेलोय का?"

"मेल्यावर दार तोडाया लागू नये म्हनूनच की," मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले. मी उठलो, दाराशी जाऊन चपला घातल्या.

तिथंच माझी होणारी शेजारीण बसली होती. ती तृतीयपंथी. शिर्डीला हाराच्या दुकानात कामाला. म्हणाली, "जावा बाबा. आनखी एक गेला."

"आणखी म्हणजे?"

"चावी एकीकडून नसती. तुमची माज्याकडं, माजी तुमच्याकडं. माजी घ्यायला कुनी तयार न्हाई, म्हनून तर माज्या शेजारची खोली रिकामी हाय."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हो म्हणावं तर सगळ्यांदेखत माघार. नाही म्हणावं तर ही मला त्या बाकीच्यांत धरणार, आणि मी त्यांच्यातला नाही.

"आधी तुझी दे," मी म्हणालो.

तिने कमरेची चावी सोडून माझ्या हातावर ठेवली. "जपा. आत सोनं न्हाई, पन शेगडी नवी हाय."

तेव्हापासून इथंच आहे. सकाळच्या एसटीला निघताना ती माझ्या दारावर थाप मारते. "बाबा, हायसा का?" मी जागाच असतो, पण लगेच ओ देत नाही. मग बाहेर चाव्यांचा जुडगा वाजतो.

"हाय, हाय!" मी आतून ओरडतो. "चावी ठेव खाली!"