कासवाचा दहीभात

“कासव? मॅडम, आपण कुत्री-मांजरं बघतो,” आमचे सीनियर डॉक्टर म्हणाले. “मेलं तर नाव क्लिनिकचं जाईल.”

“मी बघते, सर,” मी म्हणाले. नुंगंबाक्कमच्या त्या क्लिनिकमध्ये मी नवी होते, साताऱ्याहून तमिळ मुलखात आलेली. आणि कुणी नको म्हटलं की मला हटकून चेव येतो.

समोर कमलाबाई बादली घेऊन बसल्या होत्या. एग्मोरच्या निवृत्त शिक्षिका, तंजावुरी मराठी घरातल्या. बादलीत ताटलीएवढं कासव. डोळे सुजून मिटलेले. कवच अंगठ्यानं दाबलं तर चक्क दबत होतं.

“हा माझ्या हातचं खाईना की, अम्मा,” त्या म्हणाल्या. “पूजा झाली की पहिला घास ह्याला. आता तोंड फिरवतो. माझं काय चुकलं म्हणून देव रुसला?”

“घास कशाचा देता?”

“तयिर सादम,” म्हणजे दहीभात. “कूर्मावतार नव्हे का तो! दुसरं काय देणार?”

मला हसू येत होतं, पण त्यांचे भरलेले डोळे बघून आवरलं.

“बाई, तो रुसलेला नाही. त्याला घास दिसतच नाहीये.”

मग मी समजावून सांगितलं. दहीभातात व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं, त्यामुळे डोळे सुजले. कॅल्शियम नाही, घरात ऊन नाही, म्हणून कवच मऊ. शिवाय दूध-दही कासवाला पचत नाही. मी इंजेक्शन दिलं, डोळ्यांत मलम घातलं. हे सगळं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. नेटकॅफेत स्वतःच्या पैशानं बसून वाचलं होतं.

खरी अडचण पुढेच होती. कासवाच्या तयार खाद्यात मासळी असते, हे मी लपवलं नाही.

“आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!”

“मागच्या अंगणात शेवगा आहे?”

“मुरुंगै? आहे की.”

“त्याचा पाला घाला. लाल भोपळा किसून घाला. वाढलेलं कासव बहुतेक पाल्यावरच जगतं. टब अंगणात उन्हात ठेवा, अर्ध्यावर सावली करा. पाण्यातल्या डासांच्या अळ्या त्याच्या तो पकडेल. त्यात तुमचा हात नाही.”

त्यांनी कासवाच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, “आणि माझा नैवेद्य?”

इथे मात्र माझं डोकं झकास चाललं. “बाई, देवाला आपण नैवेद्य दाखवतो. खातं कोण?”

“आपणच.”

“मग ह्यालाही दाखवा. आणि दहीभात तुम्ही खा.”

कमलाबाई पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या.

पुढच्या खेपेला कासवानं दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी धरलेला पाला पाण्यात ओढून नेला. मी सरांना मुद्दाम बोलावून ते दाखवलं. त्यानंतर कुणी कासव आणलं की सर रिसेप्शनवरूनच ओरडायचे, “मॅडमकडे पाठवा!” ते आठवलं की माझ्या अंगावर अजूनही मूठभर मांस चढतं.

जनावराला काय घालू नका, हे कुणीही डॉक्टर सांगेल. पण रोज प्रेमानं घास भरवणाऱ्या हातानं उद्यापासून काय करायचं, हेही प्रिस्क्रिप्शनमध्ये लिहावं लागतं. नाहीतर औषध बाटलीतच राहतं.