चारशे किलोमीटरवरून आलेला लवंगेचा वास

आधीच सांगतो, मी केमिस्ट आहे. भुतंखेतं, करणी, नजर... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि नाही. त्यामुळे "कुणाची तरी कृपा असणार" छापाच्या कॉमेंट्स कृपया टाकू नका, डोकं फिरतं माझं.

२००६ची गोष्ट. बायको नसीमा आणि तीन वर्षांची सना रियाधला, मी दोन महिन्यांसाठी तिथून चारशे किलोमीटरवरच्या कतीफला, पाणी तपासायच्या लॅबमध्ये. त्याआधी रत्नागिरीहून परत येताना माझ्या थोरल्या बहिणीने, आपाने, दाढदुखीसाठी लवंगेचं तेल दिलं होतं. कशात? खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. लेबल तसंच! रिकामी बाटली फेकायची म्हटलं की आपल्या लोकांच्या जिवावर येतं.

लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं. कापसावर थेंबभर घेतलं तर दाढ बधिर होते, डेंटिस्टसुद्धा फिलिंगमध्ये वापरतात. पण चमचाभर लहान मुलाच्या पोटात गेलं तर फिट्स येतात, लिव्हर निकामी होतं... जीवही जाऊ शकतो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास लॅबमध्ये नाकात लवंगेचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मल्याळी सहकाऱ्याला विचारलं, त्याला कसलाच वास नव्हता. का कोण जाणे, मी घरी फोन लावला.

नसीमा वैतागली. "थांबा जरा, सनाला खोकल्याचं औषध पाजतेय."

"चमचा खाली ठेव. आधी वास घे त्याचा."

"सर्दीने नाक चोंदलंय माझं, कसला वास येणार?"

मी अक्षरशः ओरडलो. तिने बोट बुडवून जिभेला लावलं... आणि फोनवरच रडायला लागली.

सहकारी म्हणाला, तुझ्या कपड्यांना लागलं असेल. महिनाभर धुतलेल्या कपड्यांना? युजेनॉल उडून जातं हो! मित्र म्हणाले, योगायोग. आपा म्हणाली, अम्मीची दुआ... आणि बाटलीबद्दल अवाक्षर नाही. तिच्यावर मी फोनवर इतका भडकलो की वर्षभर आमचं बोलणं बंद होतं.

नसीमाने मात्र एकच विचारलं, "ती बाटली औषधांच्या कपाटात ठेवली कुणी?"

लॅबमध्ये चुकीच्या लेबलची बाटली दिसली तर मी समोरच्याला फाडून खातो. त्या वासाचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. नसीमाच्या प्रश्नाचं तेव्हाच होतं. मीच ठेवली होती.